गाडीचा फ्यूज उडालाय? पहिल्यांदाच हात घालणाऱ्यांसाठी

माझ्या गाडीचा फ्यूज पहिल्यांदा उडाला तेव्हा मी आधी मोबाइलचा चार्जर बदलला. मग केबल बदलली. मग मोबाइलच बिघडलाय असं ठरवून मोकळा झालो. गाडीतल्या १२ व्होल्टच्या सॉकेटलाही फ्यूज असतो हे डोक्यातच आलं नाही. शेवटी एका मित्राने डॅशबोर्डखाली डोकं घालून नखाएवढी एक निळी चकती ओढून काढली आणि उजेडासमोर धरली. आतली पट्टी मधोमध तुटलेली, कडेला काळपट डाग. नवी चकती बसवली आणि सॉकेट चालू. सगळा खेळ पाच मिनिटांचा.

दुसऱ्या दिवशी तीही उडाली. ती का उडाली ते पुढे येईलच, कारण फ्यूज बदलणं सोपं असतं आणि तो का गेला हे शोधायलाच खरा वेळ लागतो.

फ्यूज नेमकं करतो काय

फ्यूज म्हणजे वायरिंगमध्ये मुद्दाम कच्चा ठेवलेला दुवा. करंट ठरल्यापेक्षा जास्त वाढला की आतली जस्ताची बारीक पट्टी वितळते आणि सर्किट तुटतं. पट्टी वितळली नाही तर तापायची पाळी वायरीवर येते, आणि ती वायर गालिच्याखालून, सीटखालून, दाराच्या आतून गेलेली असते. म्हणून फ्यूज उडाला म्हणजे त्याने आपलं काम चोख केलं असंच समजायचं.

जुन्या गाड्यांत काचेच्या नळीचे किंवा चिनी मातीच्या गोळीवर पट्टी ओढलेले फ्यूज असत. आज सगळीकडे दिसणारा, दोन पात्यांचा, रंगीत प्लास्टिकचा फ्यूज १९७६ साली लिटेलफ्यूज या कंपनीने आणला.

फ्यूजवर १० लिहिलंय म्हणजे १०.१ अँपिअरला तो फट्‌कन उडेल असं नाही. पात्याच्या साध्या फ्यूजने दहा टक्के जादा करंट १०० तास तरी सोसायला हवा. पस्तीस टक्के जादा असेल तर उडायला काही मिनिटं लागू शकतात, दहा मिनिटांपर्यंतसुद्धा. करंट दुप्पट झाला तर मात्र पाच सेकंदांच्या आत खेळ संपायला हवा, आणि सरळ शॉर्ट असेल तर डोळ्याची पापणी लवायच्या आत. हे लक्षात ठेवा. फ्यूज ‘कधी’ उडाला यावरून तो ‘का’ उडाला याचा बराच अंदाज लागतो.

हाताशी काय हवं

- गाडीसोबत मिळालेलं माहितीपुस्तक. कागदपत्रांमध्ये हे एकच खरं कामाचं. नसेल तर कंपनीच्या संकेतस्थळावर आपलं मॉडेल आणि वर्ष टाकून उतरवून घ्या आणि फ्यूजची पानं मोबाइलमध्ये ठेवा.
- फ्यूज काढायचा प्लास्टिकचा चिमटा. तो बहुधा फ्यूज बॉक्सच्या झाकणातच अडकवलेला असतो.
- योग्य आकाराचे सुटे फ्यूज. निदान ५, ७.५, १०, १५, २० आणि ३० अँपिअरचे दोन-दोन.
- टॉर्च. डोक्याला लावायची असेल तर उत्तम, कारण दोन्ही हात अडकलेले असतात.
- मल्टिमीटर (व्होल्ट मोजणारा, जोड अखंड आहे का ते सांगणारा मीटर) किंवा १२ व्होल्टचा टेस्ट लॅम्प (करंट असेल तिथे टोक टेकवलं की पेटणारा छोटा दिवा). नसला तरी काम होतं, असला तर शंका उरत नाही.
- बॅटरीचं टर्मिनल सोडवायला पान्हा. बऱ्याच गाड्यांना १० मिलिमीटरचा लागतो.

पक्कड घेऊ नका. फ्यूजचं प्लास्टिक तिच्यात चुरा होतं, आणि जबडा एकीकडे फ्यूजच्या पात्याला, दुसरीकडे बॉडीच्या पत्र्याला टेकला तर शॉर्ट तुम्हीच केलात.

१. आधी ठरवा, दोष फ्यूजचाच आहे का

एकच हेडलाइट गेला, एकाच बाजूचा ब्रेकलाइट गेला, तर पहिला संशय बल्बवर घ्या. दोन्ही ब्रेकलाइट एकदम गेले तर फ्यूजवर. हेडलाइटच्या बाबतीत मात्र जपून. पुष्कळ गाड्यांत डाव्या आणि उजव्या हेडलाइटला वेगवेगळे फ्यूज असतात, म्हणजे एका फ्यूजने पूर्ण अंधार होऊ नये. तेव्हा एकच दिवा गेला असेल तरी बल्ब पाहून झाल्यावर फ्यूज पाहायचाच.

फ्यूज जातो तेव्हा वस्तू साधारणपणे एकदम आणि पूर्ण बंद होते. हॉर्न क्षीण वाजतोय, दिवा मिणमिणतोय, काच रखडत वर जातेय, ही फ्यूजची लक्षणं नव्हेत. तिथे बॅटरी, अर्थिंगचा सैल जोड किंवा थकलेली मोटर असते.

एकमेकांशी नातं नसलेल्या दोन-तीन गोष्टी एकाच वेळी बंद पडल्या तर खूश व्हा, कारण त्या एकाच फ्यूजवर असण्याची शक्यता मोठी. याचे काही मासले गमतीदार आहेत. ऑटोमॅटिक गाडीचा गिअर ‘पी’मधून हलेनासा होतो, माणूस गिअरबॉक्स गेला म्हणून घामाघूम होतो, आणि गेलेला असतो ब्रेकलाइटचा फ्यूज. ब्रेक दाबल्याचा इशाराच पुढे पोचत नाही, म्हणून गिअरचं कुलूप उघडत नाही. काही गाड्यांत स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोष वाचणारं यंत्र) लावायचं सॉकेट आणि चार्जरचं सॉकेट एकाच फ्यूजवर असतं. मग स्कॅनर गाडीशी बोलेना म्हणून कॉम्प्युटरवर आळ येतो.

२. गाडी बंद करा, चावी काढा

इंजिन बंद, दिवे बंद, चावी बाहेर. बटणाची गाडी असेल तर ती पूर्ण झोपली आहे ना, ते पाहा. दार उघडून बसलात की काही सर्किटं जागी राहतात. जी वस्तू बंद पडलीय तिचा स्विचही ‘ऑफ’ करा. चालू स्विचवर नवा फ्यूज खोचला की पात्याशी ठिणगी पडते.

केबिनमधला एखादा छोटा फ्यूज बदलायला बॅटरी सोडवायची गरज नसते. बॉनेटखालच्या बॉक्समध्ये जरा खोल हात घालायचा असेल तर निगेटिव्ह टर्मिनल सोडवा. आधी निगेटिव्ह काढायचं, लावताना शेवटी लावायचं. बॅटरी सोडवली की घड्याळ शून्यावर येतं, काही रेडिओ कोड मागतात, एका दाबात वर जाणारी काच ती सवय विसरते. रेडिओचा कोड माहीत नसेल तर आधी तो शोधा.

३. फ्यूज बॉक्स शोधा. बहुधा एक नाही, दोन असतात

एक केबिनमध्ये असतो: स्टिअरिंगच्या खाली गुडघ्यापाशी, डॅशबोर्डच्या बाजूच्या झाकणामागे (दार उघडल्यावरच दिसतं) किंवा ग्लव्ह बॉक्सच्या मागे. दुसरा बॉनेटखाली, बॅटरीच्या शेजारी, काळ्या झाकणाचा. ज्या गाड्यांची बॅटरी डिकीत असते त्यांत तिसरा डिकीतही सापडतो.

ढोबळ वाटणी अशी: पंखा, रेडिएटर फॅन, हेडलाइट, एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा), इंधनाचा पंप, म्हणजे जड गोष्टी बॉनेटखाली. रेडिओ, सॉकेट, आतले दिवे, वायपर, काचा केबिनमध्ये. पण ही वाटणी पक्की धरू नका, गाडीगणिक बदलते.

एका बॉक्समधले सगळे फ्यूज धड दिसले म्हणजे काम संपलं असं नाही. केबिनमधल्या फ्यूजना करंट बॉनेटखालच्या मोठ्या फ्यूजमधून येतो. मोठा गेला तर खालची अख्खी रांग मरते आणि रांगेतला प्रत्येक फ्यूज मात्र ठणठणीत दिसतो.

४. झाकणाचा नकाशा वाचा, आणि आधी फोटो काढा

झाकण उघडल्याबरोबर, कशालाही हात लावण्याआधी, मोबाइलवर स्पष्ट फोटो काढा. कोणता फ्यूज कोणत्या खाचेत होता हे दोन फ्यूज काढल्यावर आठवत नाही. कुणालाच आठवत नाही.

झाकणाच्या आतल्या बाजूला नकाशा असतो. तो वाचताना लोक तीन ठिकाणी चुकतात. पहिली चूक, झाकण उलटं धरणं. बॉक्सच्या कडेची एखादी खूण, मोठा रिले (विजेवर चालणारा स्विच, चौकोनी काळा ठोकळा) किंवा रिकामी खाच नकाशाशी जुळवा, मगच मोजायला लागा. दुसरी, नकाशावर आहे म्हणून ती वस्तू आपल्या गाडीत असेलच असं मानणं. एकच झाकण कमी-जास्त सोयींच्या सगळ्या मॉडेलना लावतात, तेव्हा काही खाचा जन्मापासून रिकाम्याच असतात. तिसरी चूक संक्षेपांची. ‘डोम’ म्हणजे छतावरचा दिवा, ‘टेल’ म्हणजे मागचे लाल दिवे, ‘एसीसी’ म्हणजे चावी पहिल्या टप्प्यावर फिरवल्यावर जागं होणारं सगळं. आणि ‘स्टॉप’ म्हणजे ब्रेकलाइट. मी तो इंजिन बंद करण्याशी संबंधित आहे असं समजून बरेच दिवस त्याला बिचकून होतो.

५. फ्यूज तपासा

*नजरेने.* फ्यूज काढून उजेडासमोर धरा. पारदर्शक प्लास्टिकमधून दोन पात्यांना जोडणारी पट्टी दिसते. अखंड असेल तर चांगला, तुटलेली असेल तर गेला. तुटण्याची तऱ्हाही पाहा. आतून काळं-रुपेरी शिंतोडे उडालेले असतील तर करंटचा लोंढा आला होता, म्हणजे शॉर्ट. पट्टी शांतपणे, एखाद्या थेंबासारखी वितळून बाजूला झाली असेल तर थोडा जादा ताण बराच वेळ होता.

कधी पट्टी शाबूत असते आणि प्लास्टिकच एका पात्यापाशी वितळून तपकिरी झालेलं असतं. हा फ्यूजचा दोष नाही. खाचेतली पकड ढिली झाली, जोड तापला, प्लास्टिक गळलं. नवा फ्यूज घातला तरी तो असाच गळणार. ती खाच दुरुस्त करून घ्यावी लागते.

नजरेचा भरवसा शंभर टक्के नको. केसाएवढी चीर डोळ्यांना दिसत नाही, आणि काही छोट्या फ्यूजचं प्लास्टिक इतकं गडद असतं की आत काय चाललंय त्याचा पत्ता लागत नाही.

*मल्टिमीटरने.* फ्यूज बाहेर काढून मीटर ‘बीप’च्या खुणेवर ठेवा आणि दोन टोकं दोन पात्यांना लावा. बीप वाजला तर चांगला. फ्यूज खाचेत असताना ही चाचणी करू नका. करंटला दुसऱ्या वाटेने फिरून यायला जागा असते, मीटर वाजतो आणि तुम्ही मेलेल्या फ्यूजला जिवंत ठरवता.

*फ्यूज न काढता.* मला सगळ्यात आवडणारी पद्धत ही, कारण चाळीस फ्यूज दोन मिनिटांत तपासून होतात. बहुतेक फ्यूजच्या डोक्यावर धातूचे दोन बारीक ठिपके उघडे असतात. चावी ‘ऑन’ करा. टेस्ट लॅम्पचा चिमटा बॉडीच्या रंग नसलेल्या बोल्टला लावा आणि टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हला टेकवून लॅम्प पेटतो ना, ते आधी पाहा. चिमटा नीट न लागल्यामुळे अख्खा बॉक्स मेलाय असा निष्कर्ष काढलेली माणसं आहेत, त्यातला एक मी. मग टोक एकेका ठिपक्यावर ठेवत जा.

दोन्ही ठिपक्यांवर पेटला: फ्यूज चांगला. एकावर पेटला, दुसऱ्यावर नाही: हाच गेलेला. दोन्हीवर नाही: या फ्यूजपर्यंत करंटच आलेला नाही. तो चालू करायला एखादा स्विच दाबावा लागत असेल किंवा वरचा मोठा फ्यूज गेला असेल.

हेच मल्टिमीटर व्होल्टवर ठेवूनही करता येतं, आणि एअरबॅगच्या आसपास टेस्ट लॅम्प अजिबात न्यायचा नाही.

६. जुना फ्यूज काढा

चिमट्याने डोकं पकडा आणि सरळ वर ओढा. डावीकडे-उजवीकडे हलवू नका, त्याने खाचेतली पकड पसरते आणि नवा फ्यूज ढिला बसतो. घट्ट असेल तर अगदी किंचित, पात्यांच्या रेषेत पुढे-मागे करा.

खाली एक फडकं पसरून ठेवा. माझ्या हातून एकदा फ्यूज निसटला आणि डॅशबोर्डच्या पोटात गेला. मोठ्या ऐटीत दोरीला चुंबक बांधून गळ टाकला. जस्त चुंबकाला चिकटत नाही, हे अर्धा तास मासेमारी करून झाल्यावर आठवलं. तो फ्यूज अजून तिथेच आहे, गतिरोधकावरून गेलो की खुळखुळतो.

७. नवा निवडा: आधी आकडा, मग आकार, रंग शेवटी

आकडा कुठला घ्यायचा? काढलेल्या फ्यूजवरचा नव्हे. झाकणावर किंवा पुस्तकात त्या खाचेसमोर छापलेला.

हे मी तावातावाने सांगतोय त्याला कारण आहे. सेकंडहँड गाडी घेतली तेव्हा हौसेने बॉक्स उघडला. नकाशात १५ छापलेल्या एका खाचेत हिरवा, म्हणजे ३० अँपिअरचा फ्यूज बसलेला. माझ्याआधी कुणीतरी ‘सारखा उडतोय’ म्हणून कायमचा बंदोबस्त केला होता. त्या खाचेतून निघालेली वायर मी मागे जाऊन पाहिली. चांगली वायर बोटावर मऊ वळते. ही वाळक्या काडीसारखी ताठ झाली होती, इन्सुलेशन तपकिरी पडलेलं, वाकवल्यावर बारीक तडे गेले, आणि जळक्या रबराचा वास होता. फ्यूज उडत नव्हता, कारण त्याचं काम वायर करायला लागली होती. १५ अँपिअरसाठी जाडी ठरवलेल्या वायरीतून २५ अँपिअर गेले तरी ३० चा फ्यूज ढिम्म बसून राहतो.

फ्यूजच्या जागी चांदीचा कागद गुंडाळणं, तारेचा तुकडा खोचणं, खिळा घालणं, हे त्याच रस्त्यावरचे पुढचे टप्पे आहेत. गाडी पेटण्याचे.

अडल्या वेळी सुटा फ्यूज नसेल तर कमी महत्त्वाच्या सर्किटातला त्याच आकड्याचा उसना घ्या: रेडिओचा, सॉकेटचा. तोही नसेल तर एक पायरी खालचा घालून घरी पोचता येतं. १५ च्या जागी १० चालेल, फार तर उडेल. वरचा कधीच नाही. एअरबॅग, एबीएस किंवा ब्रेकलाइटचा फ्यूज उसना घेऊ नका.

आता रंग. पात्याच्या नेहमीच्या फ्यूजमध्ये ३ अँपिअर जांभळा, ५ फिकट मातकट, ७.५ गडद तपकिरी, १० लाल, १५ निळा, २० पिवळा, २५ पारदर्शक किंवा पांढरट, ३० हिरवा, ४० नारिंगी. मिनी, म्हणजे याच घडणीच्या छोट्या फ्यूजलाही हेच रंग. पण बॉनेटखालच्या मोठ्या ‘मॅक्सी’ फ्यूजमध्ये लाल म्हणजे ५० आणि निळा म्हणजे ६०. चौकोनी डबीसारख्या फ्यूजमध्ये ३० गुलाबी आणि ४० हिरवा असतो. रंग ओळखीपुरता, खरेदी डोक्यावरचा आकडा वाचून.

आकारांची गल्लत तर दुकानात हमखास होते. साधा फ्यूज साधारण १९ मिलिमीटर रुंद, मिनी ११, मॅक्सी २९. ‘लो प्रोफाइल मिनी’ रुंदीला मिनीइतकाच, पण बुटका. त्याची पाती प्लास्टिकच्या खाली जेमतेम डोकावतात. नव्या गाड्यांत त्याहून बारीक ‘मायक्रो २’ असतो, आणि ‘मायक्रो ३’ला तर तीन पाती, म्हणजे एकाच फ्यूजमध्ये दोन सर्किटं. त्यातली एकच पट्टी गेलेली असू शकते, तेव्हा दोन्ही तपासा. जुना फ्यूज सोबत नेऊन शेजारी ठेवूनच नवा घ्यायचा.

८. बसवा आणि चालवून पाहा

फ्यूजला उलटं-सुलटं नसतं, कसाही घातला तरी चालतो. दोन्ही पाती खाचेवर जुळवून अंगठ्याने सरळ दाबा. तो शेजारच्या फ्यूजच्या उंचीला आला पाहिजे. एक पातं खाचेत आणि दुसरं बाहेर असं बसवून ‘नवा फ्यूजही खराब निघाला’ म्हणणारे काही कमी नाहीत.

खाचेत हिरवट-पांढरी बुरशी दिसली तर पाणी शिरतंय. कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारा, सुकू द्या, पाणी येतं कुठून ते पाहा.

मग चावी फिरवा, वस्तू चालू करा. चालली तर तिथेच थांबू नका, ती पाच-दहा मिनिटं चालू ठेवा. थोड्या जादा करंटने जाणारा फ्यूज लगेच उडत नाही, हे वर सांगितलंच आहे.

फ्यूज चांगला आहे तरी वस्तू मेलेली? मग रिले पाहा. फ्यूज बॉक्समधले चौकोनी काळे ठोकळे म्हणजे रिले. वस्तू चालू करताना त्यावर बोट ठेवलं की बारीक ‘टिक्’ जाणवते. शेजारी अगदी तोच क्रमांक छापलेला दुसरा रिले असेल, हॉर्नचा वगैरे, तर अदलाबदल करून बघा. त्यानेही काही झालं नाही तर स्विच, मोटर किंवा अर्थिंग.

९. पुन्हा उडाला तर

दुसऱ्यांदा उडाला की तिसरा घालण्याआधी हात आवरा. कधी उडाला ते आठवा.

खोचताक्षणी, सगळे स्विच बंद असताना उडाला: वायर कुठेतरी सोलवटून बॉडीला टेकलीय. स्विच दाबल्यावर उडाला: ती वस्तूच शॉर्ट आहे किंवा तिच्यापर्यंतची वायर. काही मिनिटांनी उडाला: ताण जास्त आहे, अडकलेला वायपर, जाम झालेली पंख्याची मोटर, एका सॉकेटवर दोन-तीन उपकरणं. दार किंवा डिकी उघडताना, खड्ड्यात आपटल्यावर उडाला: दार आणि बॉडीच्या मधला रबराचा भाता पाहा. वायरी त्याच्या आत हजारो वेळा वाकून तुटतात. डिकीच्या बिजागरीपाशीही तेच होतं.

गाडीत नंतर बसवलेलं काही असेल, जादा दिवे, मोठा हॉर्न, कॅमेरा, टो-हुकाची वायरिंग, तर संशयाची सुरुवात तिथून करा. ते सगळं सोडवा आणि मग फ्यूज टिकतो का पाहा.

ताणाचा हिशेब सोपा आहे, वॅट भागिले व्होल्ट. ५५ वॅटचा हॅलोजन बल्ब १२ व्होल्टवर साडेचार अँपिअरच्या आसपास घेतो, दोन बल्ब नवाच्या वर. १५ अँपिअरच्या फ्यूजवरचं सॉकेट म्हणजे फार तर १८० वॅट, तेही काठोकाठ. टायरमध्ये हवा भरायचे छोटे पंप सहज १० अँपिअर ओढतात, त्यांच्या डब्यावरचा आकडा सॉकेटच्या फ्यूजशी ताडून घ्या.

आता माझ्या सॉकेटची गोष्ट. मित्राने घातलेला निळा फ्यूज दुसऱ्या दिवशी उडाला. मी आणखी एक घातला, तो उडाला. आणखी एक, तोही. एका दुपारी तीन. चार्जर न लावता फ्यूज तासभर टिकायचा आणि गाडी वळणावर कलली की जायचा. शेवटी टॉर्च घेऊन सॉकेटच्या तोंडात पाहिलं तर तळाशी एक नाणं. सॉकेटच्या तळाचा मधला बिंदू पॉझिटिव्ह आणि भोवतालची भिंत निगेटिव्ह. नाणं सरकून दोघांना टेकलं की झाला शॉर्ट. नाण्याच्या कडेला तीन ठिकाणी डागल्यासारखे खड्डे होते. फ्यूज काढून ठेवला, नाणं प्लास्टिकच्या काडीने बाहेर काढलं. त्यानंतर बसवलेला फ्यूज आजही चालू आहे.

इथे हात घालू नका

एअरबॅगचा फ्यूज आणि पिवळ्या रंगाची जोडणी. बॅटरीलगतचे बोल्टने आवळलेले ८०, १०० अँपिअरचे मोठे फ्यूज. ते सोडवताना पान्हा थेट बॅटरीवर शॉर्ट होऊ शकतो. हायब्रीड आणि इलेक्ट्रिक गाड्यांतही १२ व्होल्टचे साधे फ्यूज असतात आणि ते याच पद्धतीने बदलतात, पण नारिंगी वेष्टनाची जाड केबल दिसली की तिकडे बोटसुद्धा न्यायचं नाही. ती शेकडो व्होल्टची असते. आणि एकाच जागचा फ्यूज वरची सगळी शोधाशोध करूनही उडत असेल तर गाडी ऑटो इलेक्ट्रिशियनकडे न्या. त्याला ‘फ्यूज बदला’ म्हणू नका. ‘अमुक खाचेतला अमुक आकड्याचा फ्यूज स्विच दाबल्यावर लगेच उडतो’ असं सांगा, त्याचा अर्धा वेळ वाचतो.

जाता जाता दोन कामं

झाकणातला सुटा फ्यूज वापरला असेल तर त्याच आठवड्यात त्या जागी दुसरा आणून ठेवा, नाहीतर पुढच्या वेळी तिथे रिकामी खाच भेटते. आणि बॉनेटखालच्या बॉक्सचं झाकण लावताना सगळ्या कड्या ‘कट्’ वाजेपर्यंत दाबा. एक कडी उघडी राहिली तरी गाडी धुताना पाणी आत जातं.